नानांना घरी बसवू का? उतारवयातलं काम आणि डोकं याबद्दल

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की नाना 66 वर्षांचे, जळगावच्या एका दालमिलमधे 38 वर्षं दिवाणजी, कीर्द-खतावणी सगळी त्यांच्याकडे, मिलमधे टॅली, म्हणजे हिशोबाचं कॉम्प्युटर सॉफ्टवेअर, आलं तरी रोजमेळ ते अजून वहीतच लिहितात. गेल्या आठ-दहा महिन्यांत चुका व्हायला लागल्या, एका काटा पावतीचं वजन दोनदा चढवलं, एका व्यापाऱ्याला तोच फोन तासाभरात परत केला, आणि शेठजी काही बोलले नाहीत पण तुम्हाला ते लागलं. तुम्ही म्हणता आता पुरे, घरी आराम करू द्या. आई म्हणते घरी बसवलं तर माणूस सहा महिन्यांत खचेल. आणि तुम्ही कुठंतरी वाचलं की काम करत राहिलं की डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू जाण्याचा आजार, होत नाही, तर यातलं खरं काय.

मी फिजिशियन आहे, भुसावळला 29 वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि गेली बारा-तेरा वर्षं माझ्या ओपीडीत विसरणारे आजी-आजोबाच जास्त असतात, रेल्वेचे पेन्शनर, रावेर-यावलकडचे केळीवाले, मास्तर, दुकानदार. हा तुमचा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी विचारतंच, आणि बहुतेक वेळा घरच्यांनी निर्णय आधीच घेतलेला असतो आणि माझ्याकडून फक्त होकार पाहिजे असतो. तुम्ही निर्णयाआधी विचारलंत हे फार चांगलं केलं.

पहिली गोष्ट, नानांना आत्ता लगेच घरी बसवू नका आणि 'काम चालू आहे ना, मग डोकं शाबूत राहील' असं म्हणून गप्पही बसू नका. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. एक, काम सुटलं की डोकं मंदावतं का. दोन, नाना कशामुळं चुकतायत. दुसऱ्याचं उत्तर आधी शोधायचं, कारण ते सापडलं नाही तर पहिल्याचं उत्तर तुमच्या काहीच कामाचं नाही.

तुम्ही सहज लिहून गेलात की चुका जास्त करून दुपारी होतात, आणि नानांना शुगर आहे, सकाळी गोळी घेऊन जातात, डबा कधी दोनला तर कधी साडेतीनला उघडतात. मी तिथंच थांबलो. शुगरच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल आणि जेवण उशिरा झालं तर शुगर खाली जाते, आणि म्हाताऱ्या माणसात शुगर खाली गेल्यावर घाम-थरथर होईलच असं नाही, कधी कधी माणूस नुसता गोंधळतो, चिडतो, तीच गोष्ट परत करतो, आणि जेवला की अर्ध्या तासात एकदम नॉर्मल. घरच्यांना तो गोंधळ दिसतच नाही कारण संध्याकाळी घरी येतो तो नेहमीचा माणूस. त्यामुळं उद्यापासून एक करा, मिलमधल्या कुणाला तरी सांगून दुपारी एक-दीडला नानांचा डबा उघडायला लावा आणि आठवडाभर जेवणाआधीची शुगर ग्लुकोमीटरवर बघून वहीत लिहा. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही, ते आकडे घेऊन डॉक्टरकडे जायचं. एखादा आकडा 70 च्या खाली दिसला तर तिथल्या तिथं साखर-पाणी द्यायचं आणि डॉक्टरकडे त्याच दिवशी.

हेच असेल असं मी म्हणत नाही, माणूस बघितल्याशिवाय कसं म्हणणार. पण डोकं मागं पडल्यासारखं दाखवणारी आणि दुरुस्त होणारी कारणं बरीच असतात आणि ती शोधायच्या आधीच आपण 'वय झालं' म्हणून मोकळे होतो, याचा मला मनापासून राग येतो. बी-12 कमी होणं हे आपल्याकडे खूप, शाकाहारी घरं, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी आणि ॲसिडिटीची गोळी चालू, या दोन्हीनं बी-12 अजून कमी होतं. थायरॉइड आहे. सोडियम आहे, बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे सोडियम जातं, आणि आपला एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको, पारा 44-45 वर गेला की घामानं आणि कमी पाणी प्यायल्यानं म्हातारी माणसं भ्रमिष्टासारखी बोलायला लागतात, त्या दोन महिन्यांत माझ्याकडे असे पेशंट किती येतात. सर्दीची झोप आणणारी साधी गोळी, लघवी धरून ठेवायची गोळी, झोपेची गोळी, या तिन्ही उतारवयात स्मरणशक्ती मंद करतात आणि मेडिकलवाल्याकडून स्वतःच आणलेल्या असतात म्हणून डॉक्टरला सांगायच्या राहून जातात. मोटरसायकलवरून हलकंसं पडले असतील आणि डोक्याला मुका मार लागला असेल तर मेंदूवर हळूहळू रक्त साचत जातं, तीन-चार आठवड्यांनी दिसतं. आणि डिप्रेशन. म्हातारपणी ते रडण्यातून कमी आणि गप्प होण्यातून, 'मले काही आठवस नही' म्हणण्यातून जास्त दिसतं.

आणि कान, त्याच्याकडे शेवटी परत येतो, कारण ती माझ्या घरातली गोष्ट आहे.

आता काम आणि डोक्याचं.

यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत चांगलं काम झालंय, पण ते बातमीत येतं तसं सरळ नाही. इंग्लंडमधे सरकारी नोकरांवर एक अभ्यास 1985 पासून चालू आहे, व्हाइटहॉल टू नावाचा. त्यातल्या 3433 लोकांची स्मरणशक्ती निवृत्तीच्या आधी आणि नंतर अशी बरीच वर्षं तपासली आणि 2018 ला छापलं. शब्दांची यादी ऐकवून किती आठवतात हे बघायची परीक्षा होती, तर निवृत्तीनंतर ही शब्द आठवायची ताकद आधीपेक्षा 38 टक्के जास्त वेगानं घसरत गेली. पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, तर्क लावणं किंवा भराभर शब्द सुचणं यात तसा फरक पडला नाही. म्हणजे काम सुटल्यावर सगळं डोकं सारखं ढासळत नाही, ताजी गोष्ट ऐकून ती धरून ठेवायची जी सवय असते ती आधी सैल होते. मला हे ओपीडीतल्या अनुभवाशी जुळतं वाटतं. कामावर दिवसभर कुणी ना कुणी सांगून जातं की अमुक गाडी चारला येईल, तमुक चेक उद्या लाव, आणि ते लक्षात ठेवणं भाग असतं. घरी काहीच लक्षात ठेवणं भाग नसतं, सगळं सूनबाईच्या लक्षात असतं.

तुम्ही म्हणाल की ज्यांचं डोकं आधीच मंदावत होतं तेच लवकर निवृत्त झाले असतील. बरोबर शंका आहे, माझीही हीच होती. याच्यावर सुझान रोहवेडर आणि रॉबर्ट विलिस या दोघांनी 2010 ला एक डोकं चालवलं. अमेरिका, इंग्लंड आणि युरोपातले 11 देश घेतले, 60 ते 64 वयाची माणसं, दहा शब्द ऐकवायचे, लगेच विचारायचे आणि थोड्या वेळानं परत विचारायचे. प्रत्येक देशात पेन्शनचं वय तिथल्या सरकारनं ठरवलेलं, ते काही एकेकाच्या स्मरणशक्तीकडे बघून ठरवलेलं नसतं, म्हणून त्या नियमांच्या फरकावरून हिशोब लावला. जिथं लोक लवकर घरी बसतात तिथं त्या वयाच्या लोकांना शब्द कमी आठवले. आता आपल्याकडे बघा, राज्य सरकारचा बहुतेक कर्मचारी 58 ला घरी, रेल्वेवाला 60 ला, आणि शेजारचा किराणा दुकानदार 75 लाही गल्ल्यावर. तिघांचं मेंदूचं वय काही सरकारी जीआर बघून चालत नाही.

अजून एक अभ्यास आपल्या खेड्यांच्या जवळचा आहे. चीननं 2009 ला ग्रामीण भागात पेन्शन योजना चालू केली, साठीनंतर पैसे. पैसे मिळाले, लोकांची झोप सुधारली, दारू-सिगारेट कमी झाली, म्हणजे तब्येतीच्या दृष्टीनं सगळं चांगलं. आणि तरीही ज्या भागात योजना आली तिथं म्हाताऱ्या माणसांची, विशेषतः बायकांची, थोड्या वेळानं शब्द आठवून सांगायची ताकद घटली. शोधकांना त्यामागं एक कारण दिसलं ते असं की लोकांचं एकमेकांत मिसळणं कमी झालं. शरीराला आराम आणि डोक्याला उपास, असं काहीतरी.

मग काय, सगळ्यांनी मरेपर्यंत काम करायचं? नाही भाऊ, आणि इथंच लोक चुकीचा अर्थ काढतात. अमेरिकेत 2012 ला नॉर्मा को आणि बाकीच्यांनी असंच तपासलं तर टेबल-खुर्चीवर काम करणाऱ्यांत निवृत्तीचा काही वाईट परिणाम सापडला नाही, आणि अंगमेहनतीच्या कामातून निवृत्त झालेल्यांचं डोकं उलट थोडं बरंच राहिलं. हे मला लगेच पटतं. तुमच्याच मिलमधला पोती उचलणारा हमाल घ्या, साठीला पोहोचेपर्यंत कंबर गेलेली, धुळीनं छाती भरलेली, त्याला 'काम कर, डोकं चांगलं राहील' असं सांगणं म्हणजे अन्याय आहे. त्याला आराम पाहिजे, औषध पाहिजे, आणि चार माणसांत बसायला जागा पाहिजे. कपाशीवर फवारणी करणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यालाही मी फवारणी थांबवायलाच सांगतो, कारण त्यातली काही औषधं मेंदूतल्या ज्या रसायनाचं काम बिघडवतात ते आठवणीसाठीच लागतं. शेताचे निर्णय त्यानं घ्यावेत, पंप पाठीवर घेऊ नये.

म्हणजे प्रश्न काम आहे की नाही हा राहत नाही. ते काम तुमच्या नानांकडून रोज काय मागतं हा खरा प्रश्न आहे. युरोप-अमेरिकेतल्या एक लाखावर नोकरदारांचा डेटा मिका किविमाकी यांच्या गटानं 2021 ला छापला, त्यात ज्या कामात डोकं लागतं आणि काम कसं करायचं ते थोडंफार स्वतःच्या हातात असतं अशा लोकांत डिमेन्शिया दहा हजार माणसांत वर्षाला 4.8 जणांना झाला, आणि ज्यांचं काम एकसुरी, दुसऱ्यानं सांगितलं तेवढंच करायचं, त्यांच्यात 7.3 जणांना. फरक आहे, पण भिंत नाही. डोक्याचं काम करणाऱ्यांनाही डिमेन्शिया झालाच की. प्रोफेसर, जज, सीए, सगळे माझ्याकडे येऊन गेलेत. म्हणून तुम्ही वाचलेलं 'काम केलं की होत नाही' हे खोटं आहे, उशिरा होतं किंवा थोडी शक्यता कमी होते, एवढंच खरं. फ्रान्समधे चार लाखांवर दुकानदार, कारागीर असे स्वतःचा धंदा करून निवृत्त झालेले लोक तपासले, तर धंदा एकेक वर्ष उशिरा सोडण्यामागं डिमेन्शियाची जोखीम साधारण 3.2 टक्क्यांनी कमी दिसली. ऐकायला छान आहे, पण हे जोखमीच्या 3.2 टक्के आहे, शंभरातल्या तीन माणसांचं बोलणं नाही, हा फरक बातमीवाले सांगत नाहीत.

आता नानांचं काम काय मागतं ते बघा. चाळीस-पन्नास व्यापाऱ्यांची उधारी, कोण दिवाळीनंतर देतो, कोण दर वेळी वजनावरून वाद घालतो, बारदान कुणाकडे अडकलंय, हमालांचा हिशोब, तुरीच्या कुठल्या लॉटमधे किती चुरी निघाली, हे सगळं त्यांच्या डोक्यात 38 वर्षं आहे. शिवाय घरी अहिराणी, काउंटरवर मराठी, शेठजींशी मारवाडी-हिंदी. याच्यावरही आपल्या देशातच अभ्यास झालाय, हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमधे सुवर्णा अल्लाडी यांनी 648 डिमेन्शियाचे पेशंट बघितले आणि 2013 ला छापलं, एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला होता, आणि शाळेत न गेलेल्यांतही तेच दिसलं. आपल्याकडची माणसं रोज तीन भाषांत उड्या मारतात आणि त्याची आपल्याला किंमत नाही, उलट अहिराणी बोलायची पोरांना लाज. असो, तो वेगळा विषय.

त्या सगळ्या कामातून नानांना एक दिवस अचानक उचलून टीव्हीसमोर बसवलं तर जे सुटेल ते नुसता पगार नाही. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कुणीतरी वाट बघतंय म्हणून बाहेर पडणं सुटेल. 'दिवाणजी, जरा बघा बरं' असं म्हणणारा माणूस सुटेल. आई खचेल म्हणते ते मला बरोबर वाटतं, तिनं चाळीस वर्षं तो माणूस बघितलाय.

पण तुम्हीही चुकीचे नाही. सकाळी नऊ ते रात्री आठ, सीझनमधे रविवारीही, 66 वर्षांच्या शुगरवाल्या माणसाला हे जास्त आहे. ऑस्ट्रेलियात चाळिशीच्या पुढच्या लोकांवर 2016 ला एक अभ्यास आला, तासांचा हिशोब केला तर आठवड्याला साधारण 25 ते 30 तास काम करणाऱ्यांचं डोकं परीक्षेत सगळ्यात चांगलं चाललं, त्याच्या खूप वर गेलं की थकव्यानं परत खाली. मी हा आकडा औषधाच्या डोससारखा देत नाही, पण पेशंटला सांगायला बरा पडतो, की अर्धा दिवस ठेवा.

एक बाजूला राहणारी गोष्ट इथंच सांगतो कारण ती कुणी विचारत नाही. तुमच्या आईची निवृत्ती कधी झाली? आपल्या घरांत बायकांना निरोप समारंभ नसतो, नारळ-शाल नसते, एक दिवस सूनबाई प्रेमानं म्हणते 'आई तुम्ही बसा आता, मी करते' आणि त्या दिवशी त्या बाईचं 45 वर्षांचं काम संपतं. बिबड्यांसाठी ज्वारी किती भिजवायची, आखाजीला कुणाच्या घरी काय पाठवायचं, खापरावरचे मांडे करताना जाळ किती ठेवायचा, वर्षभराच्या मसाल्याला मिरची किती किलो आणि कुठल्या जातीची, हे लक्षात ठेवायचं आणि हातानं करायचं काम मेंदूसाठी दिवाणजीच्या खतावणीपेक्षा तसूभर कमी नाही. आपल्या देशात साठीच्या पुढच्यांत साधारण 7.4 टक्के लोकांना म्हणजे 88 लाखांच्या आसपास माणसांना डिमेन्शिया आहे असा अंदाज 2023 ला आला, त्यात बायकांचं आणि खेड्यांचं प्रमाण जास्त, शिक्षण कमी मिळालं हे त्यातलं मोठं कारण. म्हणून सुनांना मी हात जोडून सांगतो की कष्टाचं काम तुम्ही घ्या, दळण-उचल तुम्ही करा, पण ठरवायचं काम सासूकडे राहू द्या. मीठ जास्त पडलं एखाद्या दिवशी तर पडू द्या.

शेतकऱ्याचंही तसंच. यावलकडचे एक आजोबा होते, केळीची तीस वर्षं बाग, मुलानं शेत बटाईनं दिलं आणि बापाला शहरात फ्लॅटवर आणलं, एकदम मायेनं. वर्षभरात माणूस मुका झाला. माझ्यासमोर मुलगा बोलत होता तेव्हा गप्प बसलेले, मी फक्त विचारलं की यंदा घड कितीचे पडले, तर दहा मिनिटं बोलले, रात्रीच्या लाइटीचं, पाण्याचं, भावाचं, तारखांसकट. नंतर सविस्तर तपासलं तर स्मरणशक्तीत काही मोठं नव्हतं, माणूस उदास होता आणि त्याला कुणी काही विचारत नव्हतं. औषध दिलं आणि आठवड्यातून दोन दिवस बागेवर पाठवायला सांगितलं, बरे झाले. दुसरा पेशंट त्याच महिन्यातला, दुकानदार, मुलांनी 'काम चालू आहे म्हणजे डोकं चांगलं आहे' असं धरून चार वर्षं काही तपासलं नाही, तोवर ते कोऱ्या चेकवर सह्या देऊन बसले होते आणि पैसे गेले, आणि त्यांना खरोखर अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, निघाला. म्हणून मी दोन्ही टोकांना घाबरतो.

आता माझ्या वडिलांचं. ते रेल्वेत गार्ड होते, साठीला सुटले. आम्हाला वाटलं आता रात्रपाळी नाही, झोप होईल, आणि खरंच पहिलं वर्ष तब्येत सुधारली. संध्याकाळी स्टेशनजवळ जुन्या मित्रांचा कट्टा बसायचा, तिथं रोज जायचे. मग हळूहळू जाणं कमी झालं. घरी काही सांगितलं की विसरायचे, किंवा मला तसं वाटायचं, भलतंच उत्तर द्यायचे. मी डॉक्टर, मी मनाशी नाव देऊन टाकलं की निवृत्तीनंतरची घसरण सुरू झाली, आणि शब्दकोडी आणून दिली. तीन वर्षांनी एका सहकाऱ्यानं सांगितलं म्हणून कानाची तपासणी केली, तर दोन्ही कान बरेच गेलेले. ते विसरत नव्हते, त्यांना ऐकूच गेलेलं नव्हतं, आणि चारदा 'काय?' विचारायची लाज वाटून कट्ट्यावर जाणं सोडलं होतं. मशीन लावल्यावर दुसऱ्या आठवड्यात ते परत कट्ट्यावर गेले. पण ती तीन वर्षं मी त्यांची घालवली, ते मला अजून बोचतं. डिमेन्शियाच्या ज्या जोखमी आपण कमी करू शकतो त्यांची यादी लॅन्सेटच्या तज्ज्ञ गटानं 2024 ला नव्यानं दिली, 14 गोष्टी आहेत, बीपी, शुगर, सिगारेट, एकटेपणा वगैरे, त्यात कमी ऐकू येणं आहे आणि या नव्या यादीत कमी दिसणंही घातलं. दालमिलच्या मशीनच्या आवाजात 38 वर्षं बसलेल्या माणसाचे कान तपासल्याशिवाय मी त्यांच्या स्मरणशक्तीवर एक शब्द बोलणार नाही. तो फोन दोनदा केला म्हणता ना, पहिल्यांदा समोरच्याचं नीट ऐकू आलं नसेल हेही होऊ शकतं. मोतीबिंदूही बघून घ्या, 3 आणि 8 मधे गल्लत होते.

काय बघितलं की काळजी करायची ते सांगतो. लग्नात भेटलेल्याचं नाव आठवलं नाही आणि घरी येताना रस्त्यात आठवलं, हे वय. टॅलीतलं नवीन काही शिकायला वेळ लागतो, हेही वय, नवं पटकन पकडायची गती तिशी-चाळिशीपासूनच सगळ्यांची कमी होत जाते, आणि शब्द, व्यवहारज्ञान, माणसं ओळखणं हे सत्तरीपर्यंत टिकतं किंवा वाढतंही. पण जे हातचं होतं तेच सुटायला लागलं, म्हणजे रोजमेळाची बेरीज जुळवायची पद्धतच आठवेना, रोजच्या रस्त्यावर वळण चुकलं, तासात तोच प्रश्न तीनदा, आणि चूक दाखवली तर 'मी असं केलंच नाही' असं ठाम सांगणं, तर उशीर करू नका. अजून एक खूण म्हणजे स्वतः पेशंट जास्त काळजीत आहे की घरचे. नाना स्वतःच 'मन्ही चूक व्हयनी', म्हणजे माझी चूक झाली, म्हणून हळहळत असतील तर मला त्यातल्या त्यात बरं वाटेल.

तपासणी होईपर्यंत आणि नंतरही मिलमधे काय करायचं ते शेठजींशी नानांच्या समोर बोला, पाठीमागं नाही, एवढं नक्की करा. सकाळी नऊ ते दीड ठेवा, जेवायला घरी, किंवा तिथंच वेळेवर जेवून घरी. टॅलीवर बसणारा पोरगा त्यांच्या शेजारी बसवा, नानांनी वहीत लिहायचं, त्यानं मशीनमधे, आणि नाना निघायच्या आधी दोन्ही जुळवायचं, म्हणजे चूक पकडली जाईल आणि कुणी नानांवर पाळत ठेवतंय असं दिसणार नाही. रोख मोजणी दोघांनी. चेकवर सही आणि मोबाइलवरचा ओटीपी यात सध्या तुम्ही सोबत राहा. आणि त्यांना सांगा की उधारीवाल्यांची सगळी माहिती त्या पोराला शिकवा, शिकवताना जितकं डोकं चालतं तितकं करताना पण चालत नाही. उरलेल्या वेळात फिरणं, पायी, रोज अर्धा-पाऊण तास, याला मी कुठल्याही शब्दकोड्यापेक्षा वर ठेवतो.

आणि समजा तपासणीत खरोखर डिमेन्शियाची सुरुवात निघाली, तरी त्या दिवशीच घरी बसवायचं असं नसतं. पैशाची जबाबदारी काढायची, गाडी चालवणं थांबवायचं की नाही ते तपासून ठरवायचं, आणि मिलमधे त्यांची खुर्ची जमेल तितके दिवस ठेवायची. काम तेव्हा आजार थांबवणार नाही, हे तुम्हाला स्पष्ट सांगतो, पण माणसाचा दिवस उभा राहतो.

तुमच्या जवळच्या फिजिशियनकडे किंवा न्यूरोवाल्याकडे दाखवा. शुगरची वही, बी-12, थायरॉइड, सोडियम, कानाची तपासणी, एवढं तरी व्हायला पाहिजे, डोक्याचा स्कॅन लागला तर ते सांगतील. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यांसकट. आणि शेठजींना विचारून नानांच्या दोन रोजमेळाच्या वह्या सोबत घ्या, एक तीन वर्षांपूर्वीची आणि एक आत्ताची. अक्षर, खाडाखोड, चुका कुठल्या वारी आणि पानावर कुठं आहेत, हे बघून मला अर्ध्या तासाच्या प्रश्नांपेक्षा जास्त कळतं, तुमच्या डॉक्टरलाही कळेल.